नशिबाचा महसूल

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही दैनिकाचे जिल्हावृत्ताचे पान उघडावे. वरली मटक्याच्या अड्ड्यावर धाड, सट्टापट्टी लिहिणाऱ्यास अटक, चिठ्ठ्या व रोकड जप्त, अशी एखादी बातमी तिथे हटकून सापडते. कारवाई १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली होते, आणि पकडला जातो तो बहुधा पानठेल्याच्या आडोशाला बसून टक्केवारीवर आकडे उतरवून घेणारा एखादा फाटका माणूस. त्याच राज्याच्या वित्त विभागाच्या अखत्यारीत सरकारी मुद्रेची तिकिटे छापली जातात, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी सोडत निघते आणि तिचा निकाल शासनाच्या नावाने जाहीर होतो. एक जुगार गुन्हा ठरतो आणि दुसरा महसूल, हा फरक कशावरून ठरला हे एकदा शांतपणे तपासले पाहिजे. लॉटरीकडे व्यसनमुक्तीचा एक किरकोळ पोटप्रश्न म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः हा करपद्धतीचा प्रश्न आहे: राज्य पैसा कोणाकडून घेते, कोणत्या नावाने घेते आणि त्याचा हिशेब कोणाला देते, हा.

कायद्यापुरते बोलायचे तर फरक अगदी स्वच्छ आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात पैज आणि जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. सरकारांनी चालविलेल्या लॉटऱ्यांचा विषय मात्र उचलून केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९४-अ ने सोडतीचे कार्यालय चालविणे शिक्षापात्र ठरविले होते आणि त्यातून राज्याची किंवा राज्याने मान्य केलेली सोडत तेवढी वगळली होती. नव्या न्यायसंहितेतही ती सवलत कायम आहे. म्हणजे कृत्य तेच. करणारा राज्य असेल तर त्यातला गुन्हा नाहीसा होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली शब्दकोड्यांच्या स्पर्धांच्या खटल्यात सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. पुढे १९९९ साली त्याच न्यायालयाने बजावले की लॉटरी सरकारने चालविली म्हणून तिचे जुगारीपण संपत नाही. न्यायालय असे स्पष्ट बोलले. कोषागाराने ते ऐकून सोडून दिले.

आता थोडा इतिहास. आपल्यासारख्यांना तो जरा अवघड वाटेल, पण तो सांगितलाच पाहिजे. स्वतंत्र भारतातील पहिली राज्य लॉटरी काढली ती केरळने, १९६७ साली, ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात. तिची कल्पना मांडणारे अर्थमंत्री पी. के. कुंजू हे संयुक्त समाजवादी पक्षाचे होते. खाजगी सोडतींवर बंदी घालून सरकारने स्वतः तिकिटे काढली. एक रुपयाचे तिकीट आणि ५० हजारांचे पहिले बक्षीस अशी ती पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. हेतू वाईट नव्हता. रिकाम्या तिजोरीचे डाव्या विचाराचे सरकार, केंद्राकडून मदतीची आशा नाही, नवे कर लादले तर विरोध होणार. तेव्हा कोणावरही सक्ती न करता चार पैसे उभे करावेत आणि खाजगी सोडतवाल्यांची लूटही थांबवावी, असा तो विचार होता. महाराष्ट्राने फार वेळ दवडला नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोक मटक्याच्या नादी लागू नयेत आणि राज्याला विकासासाठी पैसा मिळावा, ही तिची दोन प्रयोजने सांगितली गेली.

मटक्याचा उल्लेख निघाला आहे तर वऱ्हाडी वाचकाला एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईचा आकडा मुळात कापसातून जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत, त्यांवर लोक पैसा लावीत. १९६१ साली ती सोय बंद झाली, तेव्हा सट्टेवाल्यांनी भावाऐवजी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. १९६२ साली कल्याणजी भगत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी त्याचा व्यवस्थित धंदा केला. ज्या पिकावर वऱ्हाडचा शेतकरी जगतो आणि मरतोही, त्याच्या भावाचे हे भूत अजून ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या शब्दांत हिंडते आहे. कापसाच्या भावाचा अंदाज शेतकऱ्याला कधी बांधता आला नाही. आकडा लावणाऱ्यालाही तो येत नाही. असो.

सोडतीचा खेळ प्रत्यक्षात कसा चालतो? सरकार एका मालिकेत ठराविक संख्येने तिकिटे छापते. वितरक ती घाऊक उचलतो, त्याच्याकडून ती लहान एजंटाकडे आणि शेवटी बसस्थानकाबाहेर टेबल टाकून बसलेल्या विक्रेत्याकडे जातात. दर टप्प्यावर कमिशन असते. सोडतीच्या दिवशी निरीक्षकांसमोर अंकांची चक्रे फिरवून क्रमांक काढले जातात. पहिले बक्षीस पूर्ण क्रमांकाला आणि मालिकेलाही जुळावे लागते. खालची बक्षिसे शेवटच्या चार-दोन आकड्यांवर ठरतात. खेळाची खरी कारागिरी या खालच्या बक्षिसांत आहे. पहिले बक्षीस जाहिरातीसाठी असते. शे-दोनशेची बक्षिसे गिऱ्हाईक टिकविण्यासाठी असतात. शेवटचे चार आकडे पाहिजे असताना तीन जुळले की माणसाला आपण हरलो असे वाटतच नाही, थोडक्यात हुकलो असे वाटते. वास्तविक थोडक्यात हुकलेले तिकीट आणि साफ हुकलेले तिकीट यांची किंमत रद्दीत सारखीच. शंभराचे बक्षीस लागलेच तर ते रोख घेऊन घरी जाणारा विरळा. विक्रेत्याच्या टेबलावरच त्याची नवी तिकिटे होतात. तिकिटांची नावेही पाहावीत: गजलक्ष्मी, गणेशलक्ष्मी, पुष्कराज. धर्मनिरपेक्ष राज्याच्या वित्त विभागाला लक्ष्मी एवढ्या वेळा आठवावी, याचे कौतुक वाटते.

आता गणित मांडू. आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत, करांचे दर मात्र खरे आहेत. दहा रुपयांची दहा लाख तिकिटे खपली असे समजा. जमा एक कोटी. लॉटरीवरचा वस्तू व सेवा कर १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे शंभर रुपयांच्या विक्रीतून सुमारे २८ रुपये ५७ पैसे आधी कराचे निघतात. म्हणजे आपल्या एका कोटीतून साडेअठ्ठावीस लाखांवर रक्कम चक्र फिरण्यापूर्वीच गेली. उरलेल्या एकाहत्तर लाखांतून वितरक, एजंट, विक्रेता, छपाई, जाहिरात आणि राज्याचा नफा भागवायचा. जे राहील ते बक्षिसांना. पन्नास लाख राहिले तरी उदार म्हणायचे. दहा रुपये देणाऱ्याला सरासरीने पाच परत, तेही सरासरी या शब्दाच्या अर्थाने. प्रत्यक्षात बहुतेकांना शून्य मिळते. दहा लाखांत एक या हिशेबाने दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्या माणसाची पहिल्या बक्षिसाची पाळी सरासरीने एकोणीस हजार वर्षांनी येईल.

याच्या शेजारी मटक्याचा हिशेब ठेवला तर विलक्षण गोष्ट दिसते. दहातल्या एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला तर नऊ मिळतात, असा त्या धंद्याचा सर्वसाधारण भाव सांगतात. म्हणजे शंभर रुपयांतले नव्वद खेळणाऱ्यांकडे परत जातात. शासनमान्य सोडतीत कर आणि दलाली वजा जाता साठीच्या पुढे जाणेसुद्धा कठीण. मटक्याची तरफदारी करण्यासाठी हे सांगत नाही. त्या धंद्याला ना हिशेब, ना तपासणी, आणि त्याच्यामागे गुंडगिरीची आणि हप्त्यांची एक स्वतंत्र व्यवस्था उभी आहे. पण मटक्याच्या लुटीतून लोकांना वाचविण्यासाठी आलेली सरकारी सोडत दर रुपयामागे मटकेवाल्याहून अधिक कापून घेते, एवढे तरी राज्यकर्त्यांनी कबूल करावे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जुगार राज्याच्या देखरेखीखाली आणला, तेव्हा जिंकलेल्या रकमेतून त्याने पाच टक्के घ्यायला सांगितले होते. कौटिल्याला कोणी लोककल्याणकारी राज्याचा प्रवक्ता म्हणत नाही.

आणि बक्षीस लागलेच तर? तिथे आयकराचा एक नियम आहे, तो कार्यकर्त्यांनी पाठच करून ठेवावा. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे. त्यातून कोणतीही वजावट नाही. आजवर काढलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. किमान करमुक्त उत्पन्नाची मर्यादा या रकमेला लागू नाही. आता दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक नोकरदार, ज्याचे वर्षाचे उत्पन्न १२ लाख आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत त्याला आयकर शून्य. दुसरा बांधकामावरचा मजूर, ज्याला आयुष्यात एकदा १२ लाखांचे बक्षीस लागले. त्याला कर आणि त्यावरचा चार टक्के उपकर मिळून ३ लाख ७४ हजार ४०० रुपये भरायचे. रक्कम तीच, राज्य तेच. नशिबाने आलेला पैसा म्हणून जास्त कर, असे समर्थन कोणी करील. मग वारसाहक्काने आलेल्या पैशाचे काय? तोही नशिबानेच येतो; आणि आपल्या देशातला वारसाकर १९८५ साली रद्द झाला, तो अजून परत आलेला नाही.

या सगळ्या व्यवहाराचे मोजमाप कुठे करावे? मंत्रालयात नको. मेळघाटातल्या सेमाडोहला करू. चिखलदरा तालुक्यातले, सिपना नदीच्या काठचे हे गाव परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर आहे. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून बाहेरच्यांना ते वाघाचे गाव म्हणून ठाऊक झाले. इथल्या कोरकूंच्या दृष्टीने ते कोरडवाहू शेतीचे, मोहाच्या फुलांचे आणि मजुरीचे गाव आहे. जंगलातले काम संपले, शेतातले पीक घरात आले की माणसे कुटुंबासह मैदानात उतरतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी शेतमजुरीला. सोडतीच्या विक्रेत्याची आणि या मजुराची गाठ पडते ती तिथे, परतवाडा, अमरावती, अकोल्याच्या बसस्थानकाबाहेर, हातात आठवड्याची रोकड असताना. सोडतीचा पैसा विकासाला जातो असे १९६९ पासून सांगितले गेले. तर मग सेमाडोहच्या चौकात बसून विचारू या: कोणता बंधारा, कोणती शाळा, कोणती दवाखान्याची खोली त्या पैशातून झाली? उत्तर देता येणार नाही, कारण तो पैसा राज्याच्या सर्वसाधारण महसुलात मिसळून जातो. तिथून तो बोट दाखवून काढता येत नाही.

याच महाराष्ट्राने याच्या नेमके उलट काम एकदा करून दाखविले आहे, आणि तेही त्याच दशकात. १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ रोजगार हमी योजना आली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कुठून आणला? १९७५ साली व्यवसायकर बसविला. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी वर्षाला ठराविक रक्कम द्यायची, तेवढीच भर राज्याने घालायची आणि त्या स्वतंत्र निधीतून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचे. मेळघाटात नाला बांधणाऱ्याच्या मजुरीतला रुपया मुंबईतल्या बँकेच्या कारकुनाच्या पगारपत्रकापर्यंत मागे नेऊन दाखविता येत होता. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून कायद्याने घ्यावे आणि ज्याच्याकडे नाही त्याला हक्काने द्यावे, ही त्यामागची साधी रीत. सोडतीची रीत वेगळी आहे: ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून त्याच्या संमतीने घ्यावे, त्यांतल्या एकाला ढोल वाजवून द्यावे आणि उरलेले कुठे गेले ते सांगू नये.

पुढे २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. २०२५-२६ साली त्याखाली महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. रोज दहा रुपयांचे एक तिकीट घेणारा मजूर वर्षात ३ हजार ६५० रुपये देतो; म्हणजे जवळजवळ बारा दिवसांची मजुरी, बारा दिवसांची उन्हातली माती. काम केल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळालीच पाहिजे, असे तो कायदा म्हणत होता. मेळघाटात मात्र होळीच्या तोंडावर मजुरी थकल्याची ओरड वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली, आणि होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने दुसरा कायदा आणला. त्याची चिकित्सा स्वतंत्रपणेच करावी लागेल. इथे मुद्दा एवढाच की सोडत कधी मिनिटभर उशिरा निघत नाही. चक्र फिरविण्याची वेळ पाळणारे राज्य घामाचे पैसे देण्याची वेळ पाळू शकत नाही, हे यंत्रणेच्या अकार्यक्षमतेचे लक्षण नव्हे. कोणत्या कामाला महत्त्व द्यायचे याचा तो निर्णय आहे.

आणखी एक विसंगती शासनाच्या पाटीवरच लिहिलेली आहे. अल्पबचत आणि राज्य लॉटरी यांचा कारभार राज्यात एकाच आयुक्ताकडे सोपविलेला आहे. एका हाताने गरिबाला दहा-दहा रुपये साठवायला सांगायचे, दुसऱ्या हाताने तेच दहा रुपये चक्रावर लावायला सांगायचे. रोजचे दहा म्हणजे महिन्याचे तीनशे रुपये टपालखात्यात आवर्ती ठेवीत टाकले, तर ६.७ टक्के दराने पाच वर्षांनी सुमारे २१ हजार ४०० रुपये हातात येतात. ही रक्कम कोणाला लखपती करणार नाही. पण दोन शेळ्या, एक पेरणी किंवा मुलीच्या वसतिगृहाचा खर्च तिच्यात भागतो, आणि ती मिळण्याची शक्यता दहा लाखांत एक नाही.

मग गरीब माणूस बचत सोडून तिकीट का घेतो? तो अडाणी आहे म्हणून, हे सुखवस्तू माणसाचे उत्तर. मला ते पटत नाही. एकवीस हजारांनी आपले आयुष्य बदलणार नाही, हे त्याला पुरते कळते. सावकाराचे देणे, मुलाचे आजारपण, भावाभावांतली दोन एकरांची वाटणी यांतून बाहेर पडायला जी रक्कम लागते, ती मजुरीतून कधीच साठणार नाही हा त्याचा हिशेब अचूक आहे. प्रामाणिक कष्टाचे सगळे दरवाजे बंद असलेल्या समाजात सोडतीची फट तेवढी उघडी दिसते. म्हणून तिकीट घेणाऱ्याला उपदेश करीत फिरणे हे आपले काम नव्हे. ‘कोणावर सक्ती नाही’ हा सरकारी युक्तिवाद मात्र इथेच कोसळतो. ज्याला दुसरा मार्ग ठेवलेला नाही, त्याच्या संमतीला ऐच्छिक म्हणणे ही थट्टा आहे.

सरसकट बंदी हा एक उपाय. तामिळनाडूने २००३ साली आणि कर्नाटकाने २००७ साली तो केला. बंदीने सरकारचे हात धुतले जातात. खेळ चोरट्या वाटेने चालू राहतो आणि हप्ते वाढतात. शिवाय टेबल टाकून बसलेल्या विक्रेत्यांत अपंग आहेत, म्हातारे आहेत, गिरण्या बंद पडल्यावर या धंद्यात आलेले आहेत. त्यांच्या पोटाचा विचार न करता काढलेला ठराव आपल्या तोंडी शोभणार नाही. उलट बाजूला, केरळच्या धर्तीवर सोडत अधिक जोमाने चालवावी असाही आग्रह आहे आणि २०२५ साली महाराष्ट्र शासनाने सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समितीही नेमली. केरळने २०११ पासून ‘कारुण्य’ सोडतीचा पैसा गरिबांच्या उपचारांकडे वळविला, ही गोष्ट खरी आणि महाराष्ट्रापेक्षा बरीही. तरी प्रश्न राहतोच: गरिबाच्या कर्करोगाच्या औषधासाठी दुसऱ्या गरिबाच्या हरण्यावर का विसंबावे? उपचार हा हक्क असेल तर त्याचा पैसा करांतून यावा.

१९९८ सालच्या लॉटरी नियमन कायद्याने काही लगाम घातले. एकाच अंकावर बक्षीस देता येत नाही, सोडत राज्याने स्वतः काढली पाहिजे, न मागितलेले बक्षीस राज्याचे होते, बंपर सोडती वर्षाला सहापेक्षा अधिक नाहीत. आठवड्याला एकच सोडत, असेही त्यात एका लॉटरीपुरते म्हटले आहे. पण वेगवेगळ्या नावांच्या लॉटऱ्या काढायला मोकळीक असल्याने २०१० च्या नियमांत सगळ्या मिळून दिवसाला चोवीसपर्यंत सोडतींना वाव राहिला. तासाला एक! ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना संसदेत कुटुंबांच्या उद्ध्वस्ततेची पुष्कळ वर्णने झाली. ती खरीच होती. त्याच संसदेचा १९९८ चा कायदा मात्र जिथल्या तिथे आहे.

तेव्हा आज हाती घेता येईल असे काम कोणते? मागणी मोजकी ठेवावी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात, तसे तिकिटाच्या पाठीवर मराठीत छापलेले हवे की या सोडतीची किती तिकिटे काढली, शंभरातले किती रुपये बक्षिसांना, किती कराला, किती वितरकाला आणि किती राज्याला जातात. राज्याच्या वाट्याची रक्कम सर्वसाधारण महसुलात न घालता रोजगाराच्या निधीत जमा व्हावी आणि थकलेली मजुरी आधी तिच्यातून भागवावी. विक्रेत्यांना पर्यायी धंद्यासाठी भांडवल देऊन सोडतींची संख्या दर वर्षी कमी करीत जावी. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाखांनी याची सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करावी: गेल्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात किती रुपयांची तिकिटे विकली गेली, बक्षिसे किती वाटली, न मागितलेली किती राज्याकडे जमा झाली, आणि त्याच काळात चिखलदरा व धारणी तालुक्यांत किती मजुरी पंधरा दिवसांपेक्षा उशिरा मिळाली. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्यावेत, पहिला लॉटरी आयुक्तांकडे आणि दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रोजगार हमी शाखेकडे. अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही द्यावी लागत नाही.